न्यू जर्सीचा गव्हर्नर विषम वर्षीच का निवडला जातो?

गोदातीर (धागाकर्ती)

नमस्कार. मी गेली चौदा वर्षे एडिसनमध्ये राहते. नागरिकत्व अलीकडेच मिळाले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेतले माझे पहिले मत मी गव्हर्नरपदासाठी दिले. त्या संध्याकाळी नाशिकला बाबांना फोन केला, तर त्यांचा पहिला प्रश्न होता, "राज्यपालाला कोणी मत देतं का?" मी त्यांना सांगितले की इथला गव्हर्नर राष्ट्रपतींनी नेमलेला नसतो, लोकांनी निवडलेला असतो आणि कामाच्या दृष्टीने तो आपल्या मुख्यमंत्र्यासारखा असतो. त्यावर त्यांनी पुढचा प्रश्न विचारला: "मग अध्यक्षाच्या निवडणुकीबरोबरच का उरकत नाहीत? खर्च तरी वाचेल."

या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. अमेरिकेतली बहुतेक राज्ये आपला गव्हर्नर सम वर्षी निवडतात. न्यू जर्सी आणि व्हर्जिनिया मात्र अध्यक्षीय निवडणुकीच्या लगेच पुढच्या वर्षी निवडतात, एवढेच मला ठाऊक होते. हे ठरवून केले आहे की तसे घडत गेले? आणि या पद्धतीने राज्याचे भले झाले आहे का? या राज्यात अनेक वर्षे राहिलेल्या आणि इथल्या इतिहासात रस असलेल्या सभासदांनी कृपया सविस्तर लिहावे.

वाटाड्या

थोडक्यात उत्तर असे, की हे घडत गेले आणि नंतर तसेच ठेवायचे असे ठरवले गेले.

१८४४ च्या राज्यघटनेने गव्हर्नरचा कार्यकाळ तीन वर्षांचा केला. त्यामुळे निवडणूक कधी सम, तर कधी विषम वर्षी येत असे. १९४६ साली आल्फ्रेड ड्रिस्कॉल तीन वर्षांसाठी निवडून आले. १९४७ साली नवी घटना मंजूर झाली आणि कार्यकाळ चार वर्षांचा झाला. ड्रिस्कॉल यांची मुदत संपण्याआधीची निवडणूक १९४९ मध्ये येत होती, ती नव्या घटनेखालची पहिली निवडणूक ठरली. एकोणपन्नासात चार-चार मिळवत गेले की २०२५ येते. मात्र घटना लिहिणाऱ्यांना हा हिशेब दिसत होता आणि वॉशिंग्टनच्या लाटेपासून राज्याची निवडणूक दूर राहावी हा त्यांचा हेतू होता, म्हणून याला निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही.

उंबर

वाटाड्या यांचे म्हणणे बरोबर आहे, पण ही गोष्ट १८४४ पासून सुरू केली तर तिचा निम्मा अर्थ हरवतो. लोकांनी गव्हर्नर निवडावा हेच न्यू जर्सीला सुमारे सत्तर वर्षे मान्य नव्हते, आणि त्यामागे सबळ कारण होते.

स्वातंत्र्यापूर्वी इथला गव्हर्नर इंग्लंडच्या राजाकडून येत असे. १७०२ साली पूर्व जर्सी आणि पश्चिम जर्सी एक झाल्या, पण १७३८ पर्यंत या प्रांताला स्वतःचा वेगळा गव्हर्नरही नव्हता. न्यू यॉर्कचाच गव्हर्नर इकडचे बघत असे. शेवटचे शाही गव्हर्नर विल्यम फ्रँकलिन हे बेंजामिन फ्रँकलिन यांचे पुत्र. वडील स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या कामात गुंतलेले असताना मुलगा राजाशी एकनिष्ठ राहिला आणि १७७६ च्या जून महिन्यात प्रांतिक काँग्रेसने त्याला अटक करवली. त्यानंतर काही दिवसांतच, २ जुलै १७७६ रोजी, न्यू जर्सीने आपली पहिली घटना स्वीकारली. ज्या लोकांनी नुकतेच राजाच्या माणसाला पदावरून दूर केले होते, ते आपल्या गव्हर्नरच्या हाती फारशी सत्ता देणार नव्हते, हे उघड आहे.

म्हणून त्यांनी असे ठरवले की विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी एकत्र बसून दरवर्षी गव्हर्नर निवडावा. त्याला नकाराधिकार नव्हता आणि महत्त्वाच्या नेमणुकाही विधिमंडळच करत असे. ऑगस्ट १७७६ मधल्या पहिल्याच निवडीत विल्यम लिव्हिंग्स्टन आणि रिचर्ड स्टॉकटन यांना समसमान मते पडली, आणि दुसऱ्या दिवशी लिव्हिंग्स्टन निवडले गेले. स्टॉकटन यांची सही स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर आहे. लिव्हिंग्स्टन यांना पुढे विधिमंडळाने दरवर्षी पुन्हा निवडले आणि १७९० साली मृत्यू येईपर्यंत ते पदावर राहिले.

या पद्धतीची मर्यादा १८०२ साली दिसली. जोसेफ ब्लूमफील्ड आणि धाकटे रिचर्ड स्टॉकटन यांच्यात विधिमंडळाची मते बरोबर अर्धी-अर्धी वाटली गेली. कोणीही माघार घेईना, तेव्हा राज्याने एक पूर्ण वर्ष गव्हर्नरशिवाय काढले. वरिष्ठ सभागृहाचे उपाध्यक्ष जॉन लॅम्बर्ट यांनी त्या वर्षी काम पाहिले. आज दोन पक्षांचे समान बळ म्हटले की आपल्याला नवा पेच वाटतो, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

पारिजात

उंबर, हे मला पूर्णतः नवीन आहे. मात्र एक शंका आहे. लिव्हिंग्स्टन चौदा वर्षे टिकले, म्हणजे विधिमंडळाने निवडण्याची पद्धत वाईट नव्हती असेही म्हणता येईल ना? युद्धाच्या काळात, शत्रूचे सैन्य राज्यात फिरत असताना, लोकांची मते घेणे तरी कसे शक्य होते?

उंबर

पारिजात, युद्धकाळापुरते तुमचे म्हणणे मान्य आहे. लिव्हिंग्स्टन हे असामान्य गृहस्थ होते आणि पदाला अधिकार नसताना त्यांनी आपल्या शब्दाच्या वजनावर काम करून घेतले. पण पद्धतीची परीक्षा असामान्य माणसावरून करू नये, ती सामान्य माणूस त्या जागी आल्यावर करावी. लिव्हिंग्स्टन यांच्यानंतर हे पद कधी पुढच्या पदाची पायरी झाले, तर कधी पक्षाच्या गटबैठकीत वाटून द्यायची वस्तू झाले. विल्यम पॅटरसन तीन वर्षांत सर्वोच्च न्यायालयात गेले. ते अतिशय विद्वान न्यायाधीश झाले, यात शंका नाही, पण गव्हर्नरपद त्यांना बांधून ठेवू शकले नाही.

मोरपंखी

या चर्चेत एक गोष्ट आलीच पाहिजे, म्हणून लिहिते. १७७६ च्या घटनेत मतदाराचे वर्णन "सर्व रहिवासी" असे आहे. सज्ञान असावा, पन्नास पौंडांची मालमत्ता असावी आणि आपल्या काउंटीत (जिल्ह्यात) वर्षभर राहिलेला असावा, एवढीच अट होती. पुरुष असावा किंवा गोरा असावा, असे कुठे लिहिलेले नव्हते. विवाहित स्त्रीच्या नावावर मालमत्ता राहत नसे, त्यामुळे अविवाहित स्त्रिया आणि विधवा मतदान करत, आणि मालमत्ता असलेले स्वतंत्र कृष्णवर्णीयही करत. १७९० च्या निवडणूक कायद्यात तर मतदारासाठी "तो किंवा ती" असे शब्द वापरले गेले. १८०७ साली विधिमंडळाने कायदा करून हा हक्क करदात्या गोऱ्या पुरुषांपुरता आवळला.

याचा गव्हर्नरच्या निवडणुकीशी संबंध असा, की ज्या तीस वर्षांत इथल्या काही स्त्रियांना मत होते, त्या तीस वर्षांत गव्हर्नर निवडण्याचा अधिकार लोकांना नव्हता. १८४४ साली तो अधिकार लोकांना मिळाला, तेव्हा घटनेत "गोरा पुरुष" हे शब्द बसलेले होते. १९१५ च्या ऑक्टोबरमध्ये स्त्रियांच्या मताधिकारावर राज्यात सार्वमत झाले. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन बाजूने मत द्यायला प्रिन्स्टनला आले, तरीही प्रस्ताव हरला. १९२० च्या राष्ट्रीय घटनादुरुस्तीनंतर, १९२२ साली, न्यू जर्सीतल्या स्त्रियांनी पहिल्यांदा गव्हर्नरसाठी मत दिले. १९९३ साली क्रिस्टीन टॉड व्हिटमन या पहिल्या स्त्री गव्हर्नर निवडून आल्या आणि २०२५ साली मिकी शेरिल या दुसऱ्या. गोदातीर, तुमच्या पहिल्या मतामागे एवढा मोठा रस्ता आहे.

वाटाड्या

मोरपंखी यांनी फार महत्त्वाचा मुद्दा मांडला. आता १८४४ कडे येतो.

त्या वर्षी ट्रेंटनमध्ये घटना परिषद भरली आणि मतदारांनी नवी घटना मान्य केली. लोकांनी निवडलेले पहिले गव्हर्नर व्हिग पक्षाचे चार्ल्स स्ट्रॅटन. परंतु भीती अजून गेली नव्हती. कार्यकाळ तीन वर्षांचा ठेवला आणि लागोपाठ दुसऱ्यांदा निवडून येण्यास बंदी घातली. नकाराधिकार दिला खरा, पण विधिमंडळाला तो साध्या बहुमताने मोडता येत असे. ज्या बहुमताने विधेयक संमत झाले त्याच बहुमताने नकार रद्द होत असेल, तर तो नकार म्हणजे फार तर पुनर्विचाराची विनंती ठरते.

लागोपाठ निवडणुकीच्या बंदीमुळे काय घडत असे, त्याचे एकच उदाहरण देतो. विल्सन १९१० साली गव्हर्नर झाले, नंतर राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले आणि १ मार्च १९१३ रोजी त्यांनी गव्हर्नरपद सोडले. राज्याच्या सेनेटचे, म्हणजे विधिमंडळाच्या वरिष्ठ सभागृहाचे, अध्यक्ष जेम्स फील्डर हंगामी गव्हर्नर झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांना स्वतःच गव्हर्नरपदासाठी उभे राहायचे होते. पदावर असतानाच निवडून आलो तर बंदी लागू होईल, हे ओळखून त्यांनी ऑक्टोबरच्या अखेरीस पद सोडले, निवडणूक जिंकली आणि जानेवारीत पुन्हा त्याच खुर्चीवर आले. मधले काही आठवडे विधानसभेचे सभापती लिऑन टेलर राज्याचा कारभार पाहत होते.

कऱ्हाकाठ

तीन वर्षे आणि पुन्हा लगेच उभे राहता येत नाही, म्हणजे गव्हर्नर जाणार हे पहिल्या दिवसापासून सगळ्यांना माहीत. मग खरी सत्ता कोणाकडे राहत असेल? जो कायम राहतो त्याच्याकडे.

वाटाड्या

कऱ्हाकाठ, तुम्ही एका ओळीत नेमके सांगितले. इथे कायम राहणारे गृहस्थ म्हणजे फ्रँक हेग. १९१७ ते १९४७ अशी तीस वर्षे ते जर्सी सिटीचे महापौर होते. जर्सी सिटी ज्या काउंटीत येते, त्या हडसन काउंटीतून ते डेमोक्रॅटिक उमेदवाराला एवढे मताधिक्य मिळवून देत, की बाकीच्या राज्याचा कौल त्यापुढे झाकला जाई. त्यांच्या मर्जीतले ए. हॅरी मूर तीनदा गव्हर्नर झाले: १९२५, १९३१ आणि १९३७ च्या निवडणुकांतून. लागोपाठ राहता येत नाही, म्हणून प्रत्येक वेळी तीन वर्षांची खंड पडली. बंदी पाळली गेली आणि तिचा उद्देश मात्र हुकला. १९३७ ची मूर विरुद्ध लेस्टर क्ली ही निवडणूक हडसन काउंटीतल्या गैरप्रकारांच्या आरोपांसाठी इथल्या इतिहासात ओळखली जाते.

तुम्ही एडिसनकर असाल तर पुढचे नाव तुम्हाला जवळचे वाटेल. १९४० साली हेग यांच्याच पाठिंब्याने चार्ल्स एडिसन गव्हर्नर झाले, म्हणजे शास्त्रज्ञ थॉमस एडिसन यांचे पुत्र. निवडून आल्यावर त्यांनी हेग यांच्याशी उघड भांडण घेतले आणि घटना बदलण्याची मागणी लावून धरली. १९४४ चा पहिला प्रयत्न मतदारांनी फेटाळला. १९४७ च्या उन्हाळ्यात न्यू ब्रन्सविकला रटगर्स विद्यापीठात ८१ प्रतिनिधींची परिषद बसली, आणि ४ नोव्हेंबरला मतदारांनी नवी घटना मान्य केली.

अंकगणिती

वाटाड्या यांच्या पहिल्या प्रतिसादात "वॉशिंग्टनच्या लाटेपासून दूर" असा हेतू सांगितला आहे. तो हेतू किती साधला, हे मी कागदावर मांडून पाहिले.

तीन वर्षांचे चक्र आणि अध्यक्षपदाचे चार वर्षांचे चक्र दर बारा वर्षांनी एकत्र येत होते: १८४४, १८५६, १८६८, १८८०, १८९२, १९०४, १९१६, १९२८ आणि १९४०. अशा एकूण नऊ निवडणुका झाल्या. त्यांपैकी आठ वेळा न्यू जर्सीने ज्या पक्षाच्या अध्यक्षीय उमेदवाराला कौल दिला, त्याच पक्षाचा गव्हर्नर निवडला. एकच अपवाद १८५६ चा: तेव्हा राज्य ब्यूकॅनन यांच्या बाजूने गेले, पण गव्हर्नर त्यांच्या विरोधातले विल्यम न्यूएल झाले. १८८० साली जॉर्ज लडलो अवघ्या ६५१ मतांनी जिंकले, त्या वर्षीही राज्याचा अध्यक्षीय कौल लडलो यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षाला होता. म्हणजे ४७ साली परिषदेला वाटलेली काळजी खरी होती.

आता विषम वर्षांकडे पाहा. १९८९ पासून २०१७ पर्यंतच्या आठही निवडणुकांत अध्यक्ष ज्या पक्षाचा, त्याच्या विरुद्ध पक्षाचा गव्हर्नर निवडून आला. थोरले बुश अध्यक्ष असताना फ्लोरिओ, क्लिंटन असताना दोनदा व्हिटमन, धाकटे बुश असताना मॅकग्रीव्ही आणि कोर्झाइन, ओबामा असताना दोनदा क्रिस्टी, ट्रम्प असताना मर्फी. २०२१ साली बायडन अध्यक्ष असताना मर्फी पुन्हा जिंकले, तेव्हा ही साखळी तुटली. २०२५ साली ट्रम्प अध्यक्ष असताना शेरिल जिंकल्या.

माझा निष्कर्ष असा, की वॉशिंग्टनची सावली हटली नाही, तिने फक्त दिशा बदलली. पूर्वी राज्य अध्यक्षाच्या लाटेबरोबर जात होते, आता वर्षभराने तिच्या उलट जाते. त्यामुळे विषम वर्ष ठेवण्याचे मूळ कारण मला आज पटत नाही.

जुना_जर्सीकर

अंकगणिती, तुमचे आकडे मान्य आहेत, पण निष्कर्ष घाईचा आहे. मी १९७६ पासून या राज्यात आहे. १९७७ ची निवडणूक मी नागरिक नसताना पाहिली, तरी ती विसरलेलो नाही. त्याच्या आदल्या वर्षी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने उन्हाळ्यात शाळा बंद झाल्या होत्या, कारण शाळांच्या पैशांची न्याय्य तरतूद विधिमंडळाने केली नव्हती. अखेर गव्हर्नर ब्रेंडन बर्न यांनी प्राप्तिकर आणला. लोक इतके संतापले होते, की ते पुन्हा निवडून येतील यावर कोणाचा विश्वास नव्हता. तरीही ते निवडून आले. ती सर्व निवडणूक एका प्रश्नाभोवती फिरली: शाळांचा खर्च घरपट्टीतून भागवायचा की प्राप्तिकरातून? अध्यक्षीय निवडणुकीच्या गदारोळात हा प्रश्न लोकांनी महिनोन् महिने ऐकून घेतला असता का? मला तसे वाटत नाही. शिवाय ती पहिली अशी निवडणूक होती, जिच्यात गव्हर्नरपदाच्या उमेदवारांना प्रचारासाठी राज्याच्या तिजोरीतून पैसा मिळाला. तो कायदा १९७४ चा.

१९८९ ला फ्लोरिओ आले आणि त्यांनी कर वाढवले, म्हणून १९९३ ला गेले. क्लिंटन यांच्यामुळे ते हरले, असे त्या वेळी इथे राहणाऱ्या कोणालाही वाटले नाही. अध्यक्ष कोण आहे हे एक कारण असते, पण घरपट्टीचे बिल दर तिमाहीला दारात येते.

पारिजात

जुना_जर्सीकर, तुम्ही १९८१ ची निवडणूकही पाहिली असेल. त्याबद्दल लिहाल का? मी फक्त इतकेच वाचले आहे, की निकाल खूप दिवस लागला नव्हता.

जुना_जर्सीकर

होय. रिपब्लिकन टॉम कीन विरुद्ध डेमोक्रॅट जिम फ्लोरिओ. सुमारे २३ लाख मते पडली आणि कीन १,७९७ मतांनी जिंकले. फेरमोजणी होऊन निकाल पक्का होईपर्यंत नोव्हेंबर संपत आला होता.

त्या निवडणुकीचा दुसरा भाग मात्र दुःखद आहे. नेवार्क, ट्रेंटन अशा शहरांतल्या कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक वस्त्यांतल्या मतदान केंद्रांवर रिपब्लिकन पक्षाने "मतपत्र सुरक्षा दल" नावाने माणसे उभी केली होती. त्यांत सुट्टीवर असलेले पोलीसही होते आणि त्यांच्या दंडावर पट्ट्या होत्या. डेमोक्रॅटिक पक्ष न्यायालयात गेला आणि १९८२ साली जो न्यायालयीन करार झाला, त्याने रिपब्लिकन राष्ट्रीय समितीला मतदान केंद्रांवरच्या अशा कारवायांपासून तीन दशकांहून अधिक काळ रोखले. न्यू जर्सीच्या गव्हर्नरच्या एका निवडणुकीतून निघालेला हा नियम सबंध देशाला लागू झाला होता.

कीन यांच्याविषयी न्यायाने हेही लिहिले पाहिजे, की चार वर्षांनी, १९८५ साली, त्यांनी २१ च्या २१ काउंटी जिंकल्या आणि कृष्णवर्णीय मतदारांचीही मोठ्या संख्येने मते मिळवली. पहिल्या निवडणुकीत जे घडले, त्यानंतर त्यांनी कारभाराने विश्वास मिळवला, असे माझे मत आहे.

सुलेखन

एक विचारायचे आहे. गव्हर्नर मध्येच गेला तर काय? आमच्या घरी नेहमी २००२ च्या "पाच गव्हर्नरांच्या आठवड्या"चा उल्लेख होतो, पण तो नेमका काय प्रकार होता हे कोणी नीट सांगत नाही.

उंबर

सुलेखन, न्यू जर्सीला २०१० पर्यंत उपगव्हर्नरच नव्हता. १९४७ च्या घटनेत असे होते, की पद रिकामे झाले तर सेनेटचा अध्यक्ष आपले पद सांभाळूनच हंगामी गव्हर्नर होईल. व्हिटमन ३१ जानेवारी २००१ रोजी राष्ट्रीय पर्यावरण संस्थेचे प्रमुखपद घेण्यासाठी गेल्या आणि सेनेटचे अध्यक्ष डोनाल्ड डिफ्रान्सेस्को हंगामी गव्हर्नर झाले. नवे विधिमंडळ ८ जानेवारी २००२ ला बसणार होते आणि नवे गव्हर्नर जिम मॅकग्रीव्ही १५ जानेवारीला शपथ घेणार होते. मधला आठवडा राहिला. जुन्या सेनेटची मुदत संपताच डिफ्रान्सेस्को यांचे अध्यक्षपद गेले. नव्या सेनेटमध्ये दोन्ही पक्षांचे वीस-वीस सभासद होते, म्हणून दोन सहअध्यक्ष ठरले. ते ठरेपर्यंत सुमारे दीड तास राज्याचे महाधिवक्ता जॉन फार्मर गव्हर्नर होते. मग जॉन बेनेट साडेतीन दिवस, रिचर्ड कोडी साडेतीन दिवस आणि शेवटी मॅकग्रीव्ही.

मॅकग्रीव्ही यांनी ऑगस्ट २००४ मध्ये राजीनामा जाहीर केला, पण तो १५ नोव्हेंबरपासून लागू केला. तो आधी लागू झाला असता तर त्याच वर्षी विशेष निवडणूक घ्यावी लागली असती. परिणामी कोडी वर्षाहून अधिक काळ सेनेटचे अध्यक्षही होते आणि गव्हर्नरही. कायदा करणारा आणि त्यावर सही करणारा एकच माणूस. कोडी यांच्याविषयी लोकांना आदर होता, तरीही ही रचना चुकीची आहे हे सर्वांना दिसले. २००५ साली मतदारांनी घटनादुरुस्ती करून उपगव्हर्नरपद निर्माण केले आणि २००९ साली क्रिस्टी यांच्याबरोबर किम ग्वाडाग्नो त्या पदावर पहिल्यांदा निवडून आल्या.

कऱ्हाकाठ

मूळ प्रश्नातल्या बाबांच्या शंकेकडे येतो, कारण तिचा आपल्या राज्यघटनेशीही संबंध आहे. "राज्यपालाला कोणी मत देतं का?" हा प्रश्न आपल्या संविधान सभेतही उठला होता. सुरुवातीला, १९४७ साली, सरदार पटेल यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने राज्यपाल प्रौढ मतदानाने थेट निवडावा अशीच शिफारस केली होती. १९४८ च्या मसुद्यातही निवडणुकीचा पर्याय होता. मे १९४९ मध्ये तो सोडून नेमणुकीची पद्धत स्वीकारली गेली. कारण असे, की मुख्यमंत्रीही लोकांच्या पाठिंब्यावर आणि राज्यपालही लोकांच्या मतांवर उभा असेल, तर दोघांत भांडण झाल्यावर कोणाचे ऐकायचे?

न्यू जर्सीत हा पेच नाही, कारण तिथे मुख्यमंत्रीच नाही. म्हणून मला वाटते, आपण मराठीत लिहिताना इथल्या पदाला "राज्यपाल" म्हणू नये. गव्हर्नर हा शब्द सर्वांना समजतो आणि गैरसमज टळतो.

मोरपंखी

कऱ्हाकाठ, अनुमोदन. आणि अधिकारांचा विचार केला तर १९४७ नंतरचा न्यू जर्सीचा गव्हर्नर आपल्या मुख्यमंत्र्याहूनही काही बाबतींत बलवान आहे. बहुतेक राज्यांत महाधिवक्ता लोक निवडतात, इथे गव्हर्नर नेमतो. राज्याचे न्यायाधीश आणि काउंटीचे सरकारी वकीलही तोच नेमतो, सेनेटच्या संमतीने. २०१८ साली गुरबीर ग्रेवाल महाधिवक्ता झाले ते याच मार्गाने. अंदाजपत्रकातली एखादीच रक्कम त्याला खोडता येते आणि त्याचा नकार मोडायला दोनतृतीयांश मते लागतात. उपगव्हर्नरपद येईपर्यंत राज्यपातळीवर लोकांनी निवडलेला राज्य सरकारचा तो एकमेव अधिकारी होता. सेनेटमध्ये तर १९६० च्या दशकापर्यंत लहानमोठ्या प्रत्येक काउंटीला एकच जागा होती. त्यामुळे राज्यातल्या प्रत्येक नागरिकाच्या मताला समान किंमत होती अशी राज्य सरकारची निवडणूक ही एकच.

अंकगणिती

मोरपंखी यांच्या मुद्द्यामुळे माझी हरकत अधिकच वाढते. एवढे बलवान पद जर सर्वांच्या समान मतांवर उभे असेल, तर मत द्यायला जास्तीत जास्त लोक यायला हवेत. २०२० च्या अध्यक्षीय निवडणुकीत नोंदणीकृत मतदारांपैकी ७० टक्क्यांहून अधिक लोकांनी इथे मतदान केले. २०१७ आणि २०२१ च्या गव्हर्नरच्या निवडणुकांत हे प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास होते. २०२५ साली ते वाढले, तरी अध्यक्षीय वर्षाच्या पुष्कळ खाली राहिले. जे येत नाहीत ते बहुतेक तरुण, भाडेकरू आणि पाळीने काम करणारे लोक असतात. जुना_जर्सीकर यांच्या १९७७ च्या अनुभवाचा मी आदर करतो, पण प्रश्न नीट ऐकून घेणारे मतदार आणि घरी राहिलेले मतदार, दोघेही मोजले पाहिजेत.

जुना_जर्सीकर

हे मान्य करतो. मतदान कमी होते, याचे उत्तर माझ्याकडे नाही. २०२१ पासून नोव्हेंबरच्या निवडणुकीआधी नऊ दिवस केंद्रावर जाऊन मत देता येते आणि टपालाने मत देणेही सोपे झाले आहे. त्याचा फायदा होत आहे असे मला दिसते. तरीही मी तारीख बदलण्याच्या बाजूने नाही. अध्यक्षीय वर्षात लोक केंद्रावर येतील, पण गव्हर्नरचे नाव वाचायच्या आधी त्यांचे मत ठरलेले असेल. तुमच्याच नऊपैकी आठ वेळांचा हिशेब हेच सांगतो.

वाटाड्या

वर्ष कोणते यापेक्षाही उमेदवार कोण ठरवतो, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. कित्येक दशके इथल्या बहुतेक काउंट्यांत प्राथमिक निवडणुकीच्या मतपत्रिकेवर "काउंटी लाइन" असायची. पक्षाच्या काउंटी समितीने पसंत केलेल्या सर्व उमेदवारांची नावे एका ओळीत ठळकपणे येत आणि बाकीच्यांची नावे कुठेतरी कोपऱ्यात जात. हेग गेले, पण त्यांच्या पद्धतीचा हा अवशेष उरला होता. मार्च २०२४ मध्ये संघराज्य न्यायाधीश झाहिद कुरेशी यांनी त्या वर्षीच्या डेमोक्रॅटिक प्राथमिक निवडणुकीसाठी ही रचना थांबवली. तेव्हा अमेरिकेच्या सेनेटसाठी उभे असलेले अँडी किम यांनी तो दावा लावला होता. जून २०२५ मध्ये गव्हर्नरपदाची प्राथमिक निवडणूक त्या ओळीविना झाली आणि डेमोक्रॅटिक पक्षात सहा उमेदवार खऱ्या अर्थाने लढले. १९११ साली गव्हर्नर विल्सन यांनी प्राथमिक निवडणुकांचा कायदा करून घेतला, त्याचा हेतू पुरा व्हायला शंभराहून अधिक वर्षे लागली.

सुलेखन

आपल्यासारख्या, म्हणजे भारतात जन्मलेल्या माणसाला गव्हर्नर होता येते का? अध्यक्ष होता येत नाही हे माहीत आहे.

उंबर

होता येते. वय किमान ३० वर्षे, २० वर्षे अमेरिकेचे नागरिकत्व आणि निवडणुकीपूर्वी सलग ७ वर्षे या राज्यात वास्तव्य, एवढ्याच अटी घटनेत आहेत. जन्म कुठे झाला हे विचारलेले नाही.

गोदातीर

सर्वांचे मनापासून आभार. काल बाबांना हा धागा वाचून दाखवला. त्यांना १८०२ चे गव्हर्नरविना गेलेले वर्ष आणि अंकगणिती यांचा हिशेब, दोन्ही फार आवडले. खर्च वाचवायला निवडणुका एकत्र घ्याव्यात हे त्यांचे मत मात्र बदललेले नाही. माझे बदलले. जुना_जर्सीकर यांचे शाळांचे उदाहरण वाचून मला वाटले, की मीही नोव्हेंबरमध्ये मत देताना घरपट्टी आणि विजेचे वाढलेले बिल यांचाच विचार केला होता. अध्यक्षीय वर्षात कदाचित केला नसता.

मोरपंखी, एक विचारायचे राहिले. १८४४ च्या घटनेतल्या "गोरा पुरुष" यातला "गोरा" हा शब्द केव्हा निष्प्रभ झाला?

मोरपंखी

१८७० साली, राष्ट्रीय घटनेच्या पंधराव्या दुरुस्तीने. आणि त्याची खूण तुमच्या घरापासून अगदी जवळ आहे. ३१ मार्च १८७० रोजी पर्थ अँबॉयमध्ये थॉमस मंडी पीटरसन यांनी मत दिले. त्या दुरुस्तीखाली मत देणारे ते देशातले पहिले कृष्णवर्णीय नागरिक मानले जातात. ते मतदान गावाच्या सनदेबाबत होते. गव्हर्नरची पुढची निवडणूक १८७१ ची, जिच्यात जोएल पार्कर दुसऱ्यांदा निवडून आले. पीटरसन यांचे थडगे पर्थ अँबॉयच्या सेंट पीटर्स चर्चच्या आवारात आहे.

गोदातीर

हे मला माहीतच नव्हते. एडिसनहून गाडीने फार तर वीस मिनिटे. येत्या ३१ मार्चला मी मुलीला घेऊन जाणार आहे. कोणाला बरोबर यायचे असेल तर कळवा.

जुना_जर्सीकर

मी येतो. चर्च खाडीच्या बाजूला आहे आणि तिथे वारा फार असतो, मुलीला स्वेटर घाला.